चार बाटल्या

सकाळी चार, रात्री चार:
लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी.
एकेकीला वीस सेकंद हुंगायचं
आणि हुंगताना आठवायचं
लवंग म्हणजे काय असायचं ते.
मी आठवते. नाकात नुसती हवा येते.

ताप उतरला त्याला सात महिने झाले.
भाडेकरू जाताना पंखा काढून नेतो
तसा वास घेऊन गेला.

डॉक्टर फडतऱ्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागे चित्र काढलं.
हे नाक. ही वर हाडाची चाळणी,
हिच्या भोकांतून केसाहून बारीक धागे आत जातात.
हा बदामाएवढा तुकडा: भीती, माया, राग.
हा त्याच्या भिंतीला भिंत लावून राहणारा,
समुद्रघोड्याच्या आकाराचा. आठवणी ह्याच्या ताब्यात.
“डोळ्यांचं, कानांचं, सगळं आधी मधल्या नाक्यावर थांबतं, कालिंदीताई.
नाकाला तेवढा नाका नाही.”
आणि स्वतःच्याच विनोदावर हसले.

मला आमच्या सोसायटीचं गेट दिसलं.
कुरिअरवाला, गॅसवाला, माझा सख्खा भाऊसुद्धा:
नाव, फ्लॅट नंबर, वेळ, सही.
आणि मागच्या कंपाउंडच्या भगदाडातून येणारं ते मांजर,
कुणाला न विचारता
थेट माझ्या ओट्यावर.

सात महिने भगदाड बुजलंय.

ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.
आठवतात. तारीखवार आठवतात.
तुर्भ्याची कंपनी, एस्टर प्लांट, तिसरी पाळी,
आधी सायकल, मग हप्त्यावरची मोपेड.
पण आता पासबुकात छापून आल्यासारखे:
जमा, नावे, शिल्लक.
वाचते, पान उलटते.
सुनेला वाटतं, सावरल्या.

त्यांचा शर्ट मी वेगळ्या बादलीत भिजवायची.
सडायला आलेल्या केळ्यांच्या घडात
कुणी काडी विझवावी, तसला वास.
निनाद तान्हा होता. अंघोळ झाल्याशिवाय
हात लावू देत नव्हते मी त्याला.
“ह्याच वासाचा पगार येतो गं,” म्हणायचे,
आणि उंबऱ्याबाहेर उभे राहून
पोराला वेडीवाकडी तोंडं करून दाखवायचे.
हे सगळं मला माहीत आहे,
पृथ्वी फिरते हे माहीत आहे तसं.

काल रात्री अडीचला
तुर्भ्याच्या बाजूने कुणीतरी काहीतरी सोडलं.
आमच्या कोपरखैरण्याकडे रात्रीच सोडतात.
सोसायटीच्या ग्रुपवर धडाधड मेसेज:
खिडक्या लावा, डोळे चुरचुरतात, फोन करा कुणीतरी.
मी पाणी प्यायला उठले होते.

आधी गुडघे गेले.
मग तोंडातून एक आवाज निघाला,
माझा नव्हताच तो, तान्ह्या बाळाचा असावा तसा.
मग छातीत काहीतरी इतकं भरून आलं
की ते सुख की धसका, ठरेना.
तेव्हा कुठे कळलं, हा वास आहे.
मग कळलं, केळी.
आणि सगळ्यांच्या शेवटी, उंबऱ्याबाहेर,
तुम्ही.

निनाद काचा ओढत आला.
“आई, नाक दाब! पदर लाव नाकाला!”
मी ओट्यावरची खिडकी
होती नव्हती तेवढी उघडली.
तो बघतच राहिला. त्याला काय सांगणार?
तू ह्याच वासाकडे बघून हसायचास म्हणून?

सकाळी तक्रारीचा कागद फिरला.
मीही सही केली. नाव, फ्लॅट नंबर, वेळ.
खोटं कशाला बोलू,
तुमची छाती त्याच वासानं खाल्ली.

मग लवंगेची बाटली उघडली.
वीस सेकंद.
हवा.
थोडी गरम, बहुतेक.